हातातला कागद

नव्या एकांकिकांच्या अभिवाचनाचे निमंत्रण आले की बहुतेक घरांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नाटक करणार आहेत, की नुसते वाचणार आहेत?" या 'नुसते' मध्ये आपल्या मराठी नाट्यवेडाचा सारा हिशेब येतो. पडदा नाही, नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, मध्यंतरातला बटाटेवडा नाही; मग ज्यासाठी रविवारची सकाळ मोडायची असे उरते तरी काय? उरतात त्या चार खुर्च्या, कागद ठेवायचे चार स्टँड, पाण्याची बाटली आणि हातात संहिता घेऊन बसलेले चार नट. प्रवेश बहुधा विनामूल्य असतो, आणि विनामूल्य कार्यक्रमाबद्दल आपल्याला उपजतच थोडा संशय असतो.

हा संशय अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तालमीला जागा मिळत नाही, नाट्यगृहाचे भाडे परवडत नाही, नोकरीवाल्या नटांना एका वेळी मोकळे करता येत नाही, म्हणून नाटक वाचून दाखवले, असे प्रकार पुष्कळ होतात. अशा वाचनात नटांचे डोळे कागदावरून उठत नाहीत आणि ऐकणाऱ्यांचे घड्याळावरून. पण अलीकडे ऐकलेल्या काही छोट्या नाटकांनी माझ्या मनात एक गोष्ट पक्की केली आहे. नाटकाचा विषय जेव्हा आठवण हा असतो, विसरणे हा असतो, गेलेले माणूस हा असतो, तेव्हा वाचन ही प्रयोगाच्या अलीकडची पायरी राहत नाही. त्या नाटकाला तेच रूप शोभते. पुष्कळदा प्रयोगापेक्षाही अधिक शोभते.

आणि नव्या लेखकांच्या छोट्या नाटकांतून हाच विषय वारंवार येतो आहे. त्याला कारणे आहेत. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत अनेक घरांतून माणसे अशी गेली की त्यांना शेवटचे पाहतासुद्धा आले नाही. रुग्णवाहिकेत चढलेले माणूस पुन्हा दिसले नाही. दहावे-बारावे फोनवर उरकले. त्या वेळी जी मुले पंचविशीत होती ती आज तिशीत आहेत आणि लिहू लागली आहेत. दुसरे कारण म्हणजे आपल्याकडे माणसे आता पुष्कळ जगतात आणि त्यातली काही जगता जगता विसरत जातात. पूर्वी 'म्हातारचळ' म्हणून ज्याची बोळवण होई त्याला आता स्मृतिभ्रंश हे नाव मिळाले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृत पंडित ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दुखण्याविषयी अधिक सांगायला नको.

मी ऐकलेल्या एका बैठकीत तीन नाटुकली होती, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांची. त्यांतले पहिले वडील आणि मुलगी यांचे. वडील निवृत्त पोस्टमास्तर, मुलगी चाळिशीची, नोकरी सांभाळून त्यांच्याजवळ राहणारी. कथानक म्हणावे असे जवळजवळ नाही. सकाळचा चहा, गोळ्या, आंघोळीची वादावादी. मुलगी नेहमीप्रमाणे 'बाबा' म्हणते. आणि वडील, ज्यांनी तिला जन्मभर 'अगं' म्हटले, ते मधूनच 'अहो' म्हणू लागतात. "अहो, तुमचे घर लांब आहे का? उशीर होईल तुम्हाला." वाक्य अगदी साधे, अदबीचे. कुणा परक्या बाईंना चांगल्या घरातला माणूस जसे बोलेल तसे. पण 'अगं' चे 'अहो' झाले आणि त्या एका अक्षरात बापलेकीचे सगळे नाते पुसले गेले. आपल्या भाषेत मानाचे संबोधन असे घाव घालू शकते हे त्या दिवशी प्रथमच जाणवले. याला दिवाणखान्याचे नेपथ्य काय करणार होते? तिथे सोफा असता, भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो असता, तर माझे अर्धे लक्ष त्या फोटोतल्या बाई कोण याकडे गेले असते.

मग एक गोष्ट घडली. वडिलांचे काम करणारे नट स्वतः सत्तरीच्या आसपासचे. पान उलटताना बहुधा दोन पाने एकदम उलटली गेली आणि ते थांबले. पुढचे वाक्य सापडेना. कागदावर बोट वर-खाली फिरू लागले. दहा-पंधरा सेकंद गेली असतील. सभागृहात एकालाही कळेना की नट चुकला आहे की पोस्टमास्तर. एवढ्यात शेजारी बसलेल्या मुलीने, म्हणजे ते काम करणाऱ्या नटीने, हळूच वाकून त्यांचे पान मागे घेतले आणि योग्य ओळीवर बोट ठेवले. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मान हलवली आणि वाचू लागले. नाटकात हे लिहिलेले नव्हते. पाठ करून केलेल्या प्रयोगात असे झाले असते तर विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज आला असता आणि मागच्या रांगेत कुणी तरी हसले असते. इथे कागद सर्वांच्या देखत होता. विसरू नये म्हणून माणूस हातात धरतो तो हाच कागद. किराणा सामानाची यादी, गोळ्यांच्या वेळा, मुलांचे फोन नंबर. विसरणाऱ्या माणसाची भूमिका करणारा नट आधीच कागदाला धरून बसलेला असतो. त्याला वेगळा अभिनय तो काय करायचा?

दुसरे नाटुकले मला तिन्हींत सरस वाटले. आई गेल्यानंतर दोघे भाऊ माळ्यावरची भांडी काढून वाटणी करायला बसतात. तांब्या-पितळेची, जुन्या स्टीलची. भांड्यांवर नावे कोरायची आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. बोहारणीला साड्या देऊन घेतलेल्या पातेल्यावरसुद्धा आपण नाव आणि तारीख घालून आणत असू. तर हे दोघे एकेक भांडे उचलतात आणि त्यावरची अक्षरे वाचतात. 'चि. सौ. कां. कुसुम हिस मामाकडून, मे १९५९.' 'सत्यनारायण, नवीन जागा.' 'कै. दादांचे स्मरणार्थ.' जणू आईचे चरित्रच, सालवार. मग एक चांदीची लहान वाटी निघते. तिच्यावर कोरलेले असते: 'चि. वसंत, बारशानिमित्त.' वसंत कोण? धाकट्याला काहीच ठाऊक नाही. थोरल्याला अंधूक, फार अंधूक, पाळणा आठवतो. मग कुणी तरी त्याला शेजारच्या काकूंकडे नेऊन बसवल्याचे आठवते. आईने साठ वर्षांत या मुलाचे नाव उच्चारले नव्हते. वाटी मात्र ठेवली होती.

ही सारी भांडी प्रत्यक्ष रंगमंचावर नव्हती. दोघेजण कागदावरून नावे वाचत होते, एवढेच. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात स्वतःच्या घरचा माळा होता. माझ्या शेजारच्या बाई मध्येच पुटपुटल्या, "आमच्या घंगाळावर आजीचे नाव आहे." नेपथ्यकाराने पाच-पंचवीस भांडी मांडली असती तर ती त्या कुसुमबाईंची झाली असती, या बाईंचे घंगाळ त्यांत मावले नसते.

तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही. नवरा गेल्यावर त्याचा मोबाइल दरमहा रिचार्ज करत राहणारी बाई. कल्पना गोड, आणि आता बरीच वापरून झालेली. या विषयाचा धोकाच हा आहे की डोळ्यांत पाणी फार लवकर येते. आई, पाऊस, जुना रेडिओ, बंद पडलेले घड्याळ एवढे सामान जमवले की अर्धे सभागृह रुमाल शोधू लागते, आणि लेखकाला वाटते आपले काम झाले. अलीकडच्या लेखनात प्रत्येक म्हातारा स्मृतिभ्रंशाचाच असतो, हेही मला खटकते. साबूत स्मृतीची, खमकी, कटकट करणारी म्हातारी माणसे अजून शिल्लक आहेत. त्यांनाही काही गमावल्याचे दुःख असते आणि त्यांना ते विसरताही येत नाही.

छोट्या नाटकाचा आणि एकट्या आवाजाचा हा मेळ मराठीला नवा नाही. पुण्यात शाळामास्तर असलेल्या शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे आपल्या 'दिवाकर' यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. ब्राउनिंगच्या कवितेतल्या स्वगतांवरून सुचलेला हा प्रकार त्यांनी असा काही मराठी करून टाकला की पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात नाट्यछटा म्हणून दाखवणे हा प्रत्येक पिढीचा संस्कारच झाला. 'पंत मेले, राव चढले' या चार शब्दांत मरण, बढती आणि माणसाचा स्वभाव हे सगळे आहे. कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढे आकाशवाणीवरच्या श्रुतिकांनी आपले कान तयार केले. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ज्यांनी त्या ऐकल्या, त्यांना दिसल्याशिवाय नाटक कळत नाही असे कधी वाटले नाही. पु. ल. आणि सुनीताबाईंनी बोरकर, मर्ढेकर यांच्या कविता दोन खुर्च्या मांडून जाहीरपणे वाचल्या, तेव्हाही लोक 'नुसते' म्हणाले नव्हते.

तिकडे लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाने १९५७ पासून रविवारी रात्री नवी नाटके नेपथ्यावाचून सादर करण्याचा पायंडा पाडला. खर्च थोडा, धोका थोडा. नवा लेखक पारखून घ्यायचा. त्याच नाट्यगृहात पुढच्याच वर्षी, १९५८ साली, सॅम्युएल बेकेटचे 'क्रॅप्स लास्ट टेप' प्रथम झाले. एकोणसत्तर वर्षांचा एक म्हातारा आपल्या वाढदिवशी, एकोणचाळिसाव्या वर्षी स्वतःच ध्वनिमुद्रित केलेली टेप ऐकत बसतो. बस, एवढेच नाटक. एक टेबल, एक यंत्र, आणि एकाच माणसाचे दोन आवाज, मध्ये तीस वर्षांची दरी. आठवणीवर लिहिलेले याहून मोठे छोटे नाटक मला माहीत नाही. त्यातही पाहण्यासारखे फार थोडे आहे. नट मुख्यतः ऐकतो आणि आपण त्याचे ऐकणे पाहतो.

आपल्याकडे 'तुम्हारी अमृता'चे उदाहरण अनेकांच्या आठवणीत असेल. ए. आर. गर्नी या अमेरिकन नाटककाराच्या 'लव्ह लेटर्स'वरून जावेद सिद्दीकी यांनी ते उर्दूत आणले, फिरोज अब्बास खान यांनी दिग्दर्शित केले आणि १९९२ मध्ये मुंबईच्या पृथ्वी थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. शबाना आझमी आणि फारुख शेख शेजारी शेजारी बसून एकमेकांना लिहिलेली पत्रे वाचत. एकमेकांकडे पाहतसुद्धा नसत. वीस वर्षांहून अधिक काळ हे वाचन लोकांनी तिकीट काढून ऐकले. डिसेंबर २०१३ मध्ये फारुख शेख गेले. ज्यांनी ती जोडी ऐकली आहे त्यांच्यासाठी त्या नाटकातल्या दुराव्याला आता आणखी एक दुरावा चिकटला आहे.

मराठीतल्या छोट्या नाटकाची अडचण मात्र वेगळी आहे. आपल्याकडे एकांकिका जगली ती स्पर्धांवर. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालत आला आहे. मुंबईत, गावोगावी, कॉलेजांतून, आणि आमच्या बँकांतूनसुद्धा स्पर्धा होत. या स्पर्धांनी आपल्याला लेखक दिले, नट दिले, हे ऋण कोणी नाकारू नये. पण स्पर्धेला वेळेचे माप असते, परीक्षक असतात, टाळ्या आणि जल्लोष असतो. तिथे अंगावर येणारे नाटक जिंकते. दोन भाऊ भांड्यांवरची नावे वाचत आहेत, हे नाटक अशा गदारोळात कोण ऐकणार? 'आविष्कार'ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत जे छोटेखानी रंगमंच उभे केले तशी जागा मिळाली, तर असले नाटक तग धरते. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या लहान जागांनी पुढे हेच केले. त्याही पलीकडे ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी हे वाचन आहे. ग्रंथालयाचा वरचा मजला पुरतो.

वाचन सोपे, असे मात्र कोणी समजू नये. चांगल्या वाचनाच्या आठ-दहा तालमी लागतात. कागदावर केव्हा पाहायचे आणि केव्हा समोरच्याकडे, हे ठरवावे लागते. पान उलटण्याचा आवाज कुठे यावा आणि कुठे येऊ नये, हेही ठरवावे लागते. सगळ्यांत कठीण प्रश्न रंगसूचनांचा. त्या वाचायच्या की गाळायच्या? पहिल्या नाटुकल्यात दिग्दर्शकाने त्या एका वेगळ्या मुलाला वाचायला दिल्या होत्या. तो कोरड्या आवाजात म्हणाला, "मुलगी रडते." मुलगी रडली नाही. ती समोर बघत बसून राहिली. रडण्याची नुसती बातमी आमच्यापर्यंत आली. घरातल्या मोठ्या आजारपणात असेच होते. शेजारणीला कळते की ती रडते, आणि आपल्यासमोर ती चहा टाकत असते.

इथे थोडे माझ्या जुन्या धंद्याविषयी बोलतो. बँकेत मी काही वर्षे मृत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल सांभाळले. दाव्यासाठी येणारी माणसे नाटकातल्यासारखी बोलत नाहीत. ती विचारतात, झेरॉक्स किती लागतील? मृत्यूच्या दाखल्यावर नाव 'दत्तात्रय' आहे आणि पासबुकात 'दत्तात्रेय', चालेल का? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेले निवृत्तिवेतनधारक काउंटरशी उभे राहून सही करत आणि ती नमुना सहीशी जुळत नसे. हात कापे, किंवा आपली सही कशी होती हेच आठवत नसे. एका गृहस्थांनी मला विचारले होते, "तुमच्याकडे माझी जुनी सही आहे ना? जरा दाखवता? म्हणजे तशी करतो."

एक बाई आठवतात. नवऱ्याबरोबर संयुक्त खाते, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या पद्धतीचे. यजमान वारल्यावर त्यांचे नाव कमी करण्याचा अर्ज मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, आणि म्हणाल्या, "साहेब, राहू द्या की ते नाव. ते काही व्याज मागायला येत नाहीत." अर्ज घेऊन त्या घरी गेल्या. माझी बदली झाली तोवर तो परत आला नव्हता. दोन वाक्यांत एवढे दुःख आणि एवढा विनोद एकदम मांडणारे नाटक मी अजून ऐकलेले नाही. भांड्यांचे नाटक मात्र त्याच्या जवळ गेले, आणि तेही कोरलेल्या नावांच्या, म्हणजे एका परीने कागदपत्रांच्याच आधाराने. नव्या लेखकांनी रडण्याचे प्रवेश जरा बाजूला ठेवून माणसे गेल्यावर मागे उरणारी कामे पाहावीत. रेशनकार्डावरचे नाव, गॅसचे कनेक्शन, चष्मा, दातांची कवळी. ही कवळी टाकायची कुठे, यावर कोणी नाटक लिहिले आहे का?

या वाचनांची एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते, आणि ती शेवटच्या चर्चेची. नवे नाटक वाचायचे ते कशासाठी? लेखकाला ते ऐकू यावे, कुठे सैल पडते ते कळावे, मग त्याने घरी जाऊन कापावे, जोडावे, आणि पुन्हा वाचावे यासाठी. होते काय, तर विषयच असा की चर्चेची शोकसभा होते. परवाही तसेच झाले. पोस्टमास्तरांचे नाटक संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. प्रश्न विचारण्यासाठी म्हणून उठले आणि पत्नीविषयी बोलू लागले. तिला त्यांचे नाव आठवत नाही, पण पुरणात जायफळ किती घालायचे ते अचूक आठवते. पाच-सात मिनिटे ते बोलले. त्यांना कोणी थांबवले नाही, आणि थांबवू नयेच. पण त्यांच्यामागून आणखी चौघे उठले. प्रत्येकाची आई, प्रत्येकाची आत्या. लेखिका, वय असेल तिशीच्या आतबाहेर, वही उघडून बसली होती आणि वही कोरीच होती. लोकांनी तिला खूप काही दिले. तिच्या नाटकाविषयी मात्र चकार शब्द दिला नाही. अशाने ते नाटक एकदा वाचले जाते, सगळ्यांना भिडते, आणि फायलीत जाते. एकदाच वाचून संपलेल्या अशा किती तरी संहिता माझ्या ओळखीतल्या कपाटांतून पडून आहेत. माझे मत असे की या दोन बैठका वेगळ्या कराव्यात. चहाच्या आधी लोकांनी आपले बोलावे, मन मोकळे करावे. चहानंतर ज्यांना थांबायचे आहे त्यांनी फक्त संहितेवर बोलावे.

त्या दिवशी हे आपोआपच झाले. खुर्च्या आवरल्या जात असताना ग्रंथालयाच्या एक जुन्या सभासद बाई लेखिकेजवळ आल्या. आपण नाटकातल्या तज्ज्ञ नाही असे आधी सांगून म्हणाल्या, "बाळ, तुझी ती मुलगी दुसऱ्याच पानावर बाबांना फार शहाणपणाचे बोलते. घरात असे दुखणे असले ना, की एवढे नीट वाक्य तोंडातून येत नाही. ती त्यांना नुसते 'पाय वर घ्या' म्हणेल." लेखिकेने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग खुर्चीवरची संहिता उचलली, दुसरे पान काढले, आणि "पेन्सिल आहे का कोणाकडे?" असे विचारू लागली.